उजेडाचं पथ्य

पहाटे चारला पावडर पाण्यात विरघळवली.
खमीस बिन मरहूननं ती एका दमात प्यायली
आणि तोंड वाकडं केलं. "हामिद."
आंबट.
मग, मी दाभोळची हे कळल्यापासून
रोज एकदा म्हणायचा, तेच म्हणाला:
"दाभोळ! खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा.
भरती नसेल तर आत शिरू नये."
सूरहून त्याच्या बापाचं गलबत खजूर घेऊन यायचं,
तेव्हा हा दहा वर्षांचा.
आमच्याकडचा एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता: नाखवा.
तो शब्द आमचा की त्यांचा, यावरून आमचं भांडण.
"नाखुदा," तो म्हणायचा. "तुम्ही लोकांनी झिजवलात."

सात वाजता ओटी. मस्कतचा जुलै बाहेर,
आत अठरा अंश.
कवटीचा तुकडा मी ओल्या फडक्यात ठेवला.
पांढऱ्या उजेडात सगळं सारखंच,
करडं, ओलसर, घडीघडीचं.
कुठे खमीस संपतो आणि कुठे ते सुरू होतं
कुणी सांगावं?
"दिवे," डॉक्टर इल्हाम म्हणाल्या.
मी दिवे मालवले. त्यांनी मायक्रोस्कोपचा निळा उजेड लावला.

आणि ते पेटलं.
मधोमध लाल, आमसुलाच्या आगळासारखं,
कडेला गुलाबी,
त्यापुढे इतकं फिकं
की आहे म्हटलं तर आहे.
शिकाऊ मुलींना मी सांगते:
चांगल्या पेशी ते औषध पचवून मोकळ्या होतात.
बिघडलेल्यांना पचत नाही, त्या साठवून ठेवतात,
आणि साठवलेलंच त्यांची चुगली करतं.
पण त्या क्षणी मला आठवलं त्याचंच बोलणं:
अमावास्येला नाळेवर उभं राहायचं काम याचं,
काळ्या पाण्यात कुठे उजळलं की ओरडायचं.
तिथे तारल्यांची झुंड. तिथेच जाळं.

चार तास डॉक्टर त्या उजेडाच्या मागे मागे गेल्या.
लाल गेलं. गुलाबी गेलं.
मग सक्शन थांबला.
पडद्यावर मोहरीएवढं काहीतरी
अजून गुलाबी होतं.
"मॅडम, तिथे..." मी म्हटलं.
"दिसतंय मला," त्या म्हणाल्या.
"तिथे त्याचं बोलणं आहे."
पूर्वी दिसायचंच नाही, म्हणून राहायचं.
हे दिसलं, आणि राहिलं.
दिवे लावले. पुन्हा सगळं करडं.

आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला उजेडाचं पथ्य.
कातडी भाजते, डोळे भाजतात.
मस्कतमध्ये, जुलैत, उजेडाचं पथ्य!
खिडकीला काळा कागद, कागदाला चिकटपट्टी,
दाराच्या फटीला टॉवेल.
तरी दुपारी कुठूनतरी एक रेघ आलीच,
केसाएवढी, चादरीवरून सरकत.
मी आणि त्याची मुलगी रहमा
दोघी तिच्या मागे पट्टी घेऊन.
सूरच्या भावांना फोटो पाठवायचा होता तिला.
फ्लॅश नको, मी म्हटलं. मग काळाच फोटो गेला.
भावांनी विचारलं, हे काय आहे?
ती म्हणाली, बाबा.

तो बोलेना.
हात दाबायचा, मान हलवायचा,
पण शब्द नाही.
ड्यूटी संपली तरी मी थांबले. कारण विचारू नका.
रात्री तीनच्या सुमाराला रहमानं ओठ भिजवले त्याचे,
लिंबाचं पाणी होतं.
अंधारातून आलं: "हामिद."
रहमा हसली की रडली, दिसलं नाही.
मी खुर्चीतून उठले
आणि उगाचच चार्ट हातात घेतला, वाचता येत नसताना.

बुधवारी सकाळी पट्टी सोडवली. कागद फाटत निघाला.
ऊन त्याच्या पावलावर पडलं.
त्यानं पाय आखडून घेतला,
बघत राहिला त्या रिकाम्या उन्हाकडे,
मग अंगठा पुढे केला हळूच,
पाण्यात घालावा तसा.
"नाखवा," मी म्हटलं.
"नाखुदा," तो म्हणाला.

मोहरीएवढ्याचं डॉक्टर रविवारी सांगतील.